पंधरा बियांचे भांडवल



यंदा दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी आमच्या बारा वर्षांच्या नातीने एक छोटी लाल वही चौरंगावर आणून ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, हिच्यावरही स्वस्तिक काढा. ही माझ्या शेताची वही आहे." आमच्या घरात कोणाच्याही नावावर गुंठाभर शेतजमीन नाही. हे शेत संगणकाच्या पडद्यावरचे आहे. वही मात्र खरी आहे, आणि जुन्या वहीतील आकडे मी स्वतः तपासलेले आहेत. पर्युषणापासून दिवाळीपर्यंत या शेताने आमच्या घरात वादही घडविले आणि हिशोबही शिकविला. अनेक वाचक भगिनी पत्रांतून मुलांच्या खेळांविषयी विचारीत असतात. म्हणून मुदतठेवींवरील वारसनोंदीचा विषय पुढील अंकावर ढकलून या महिन्यात त्या शेताविषयीच लिहितो.

खेळाचे नाव 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून तो तयार केला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, संवादही त्याचेच. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो प्रसिद्ध झाला. कथानक साधे आहे. एका मोठ्या कंपनीतील नोकरीला कंटाळलेला खेळाडू आजोबांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतावर राहावयास जातो. (आजोबांनी नातवंडासाठी पत्र लिहून ठेवलेले असते. हा भाग मला विशेष आवडला, हे कबूल करतो.) खेळ एकदाच विकत घ्यावा लागतो. मध्येच पैसे मागणे नाही की जाहिराती नाहीत.

पालकांसाठी एक गोष्ट प्रथमच सांगून ठेवतो. खेळातील एक दिवस, सकाळी सहापासून रात्री दोनपर्यंतचा, आपल्या घड्याळाने सुमारे चौदा मिनिटांचा असतो, आणि संगणकावर खेळताना प्रगतीची नोंद पात्र झोपी गेल्यावरच होते. मूल "दोन मिनिटे थांब" म्हणते ते सगळेच बहाणे नसतात; मध्येच बंद केले तर त्या दिवसाचे काम वाया जाते. म्हणून आमच्या घरी 'अर्धा तास' असा नियम न ठेवता 'खेळातले दोन दिवस' असा नियम ठेवला. तेव्हापासून भांडण मिटले.

आता वादाकडे येतो. पर्युषणात एका दुपारी सौ. सहज नातीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर नात भराभर बटाटे उपटीत होती. "अगं, पर्युषणात बटाटे!" नात म्हणाली, "आजी, हा बटाटा कुठे खरा आहे? चित्र तर आहे." त्यावर सौ.नी तिला राजा यशोधराची कथा सांगितली. आपल्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक असेल. सोमदेवसूरींच्या 'यशस्तिलकचंपू'त ती आहे, पुष्पदंतांच्या 'जसहरचरिउ'तही आहे. आईच्या आग्रहाखातर राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला, आणि तेवढ्या संकल्पापायी मायलेकांना पशुयोनींतून जन्मोजन्मी भटकावे लागले. कोंबडाही खरा नव्हता, भाव मात्र खरा होता.

नात गप्प झाली, पण तिचे समाधान झाले नव्हते. रात्री ती माझ्याकडे आली. शास्त्रार्थ सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तो मी सांगितलाही नाही. पडद्यावरील बटाट्यात अनंतकाय जीव नसतात हे उघड आहे, आणि सौ.चे म्हणणे भावाविषयी होते हेही उघड आहे. मी एवढेच म्हटले, "नियम पाळायचा की नाही हे तू ठरव. पण ठरविण्याआधी तो पाळण्याची किंमत किती पडते ते काढून पाहू." आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाला याहून वेगळे काय सुचणार?

तिचे शेत पाहिले तेव्हा कळले की प्रश्न बटाट्याच्या पुढचा होता. वसंत ऋतूच्या अठरा तारखेला तिने होते तेवढे सगळे पैसे फ्लॉवरच्या बियाण्यात घातले होते. या खेळात वर्षाचे चार ऋतू आणि प्रत्येक ऋतू बरोबर अठ्ठावीस दिवसांचा. ऋतू पालटला की त्या ऋतूची उभी पिके एका रात्रीत वाळून जातात. फ्लॉवर तयार होण्यास बारा दिवस लागतात. अठरा अधिक बारा म्हणजे तीस, आणि तिसावी तारीख या पंचांगात नाही. पीककर्जाच्या टेबलावर असताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारीत असू, की परतफेडीची तारीख पीक हाती येण्याच्या तारखेनंतर आहे ना? इथे कर्ज नाही, व्याज नाही, तरी प्रश्न तोच. दुसऱ्या दिवशी तिने नवे शेत सुरू केले आणि शाळेच्या एका कोऱ्या वहीत तारखा लिहिल्या. वसंतात फ्लॉवर लावण्याची शेवटची तारीख १६, केल या पालेभाजीची २२, पार्सनिपची २४. यात एक बारीक खोच आहे. गावातील पिएर नावाच्या दुकानदाराचे दुकान दर बुधवारी बंद असते, आणि महिन्याची २४ तारीख बुधवारीच येते. बी २३ ला आणून ठेवले नाही तर ती शेवटची पेरणी हुकते.

गावात 'जोजामार्ट' हे मोठ्या कंपनीचे दुकानही आहे आणि ते बुधवारीही उघडे असते. पण तेथे तेच बी सव्वापट दराने मिळते. आपल्याकडील अनुभव बहुधा याच्या उलट असल्याने आपल्या व्यापारी मंडळींना हे वाचून गंमत वाटेल. या जोजाकडे पुन्हा यावे लागणार आहे.

आरंभीचे भांडवल ५०० नाणी. शिवाय गावचे प्रमुख पहिल्याच दिवशी पार्सनिपच्या १५ बिया भेट देतात. पार्सनिप म्हणजे गाजराच्या कुळातील पांढरट मूळ. म्हणजे खेळाने हातात ठेवलेले पहिलेच पीक कंदमूळ! बाजारात त्याची बी २० नाण्यांना मिळते, चार दिवसांत पीक येते आणि ३५ ला विकले जाते. बटाट्याची बी ५० ची, सहा दिवस, विक्री ८०, आणि कधी कधी एका रोपाला जास्तीचा बटाटा निघतो. फ्लॉवर ८० ची बी, बारा दिवस, विक्री १७५. केल ७० ची बी, सहा दिवस, विक्री ११०. घेवड्याची बी ६० ची. पहिला तोडा दहा दिवसांनी आणि पुढे दर तीन दिवसांनी, दर तोड्याला ४०.

श्रावकाचाराची चाळणी कडक लावली तर पार्सनिप गेले, बटाटा गेला. फ्लॉवर अळ्यांमुळे पुष्कळ घरांत येत नाही. चातुर्मासात पालेभाजीही नको म्हणणारे आहेत. मग उरतो एकटा घेवडा. नातीने मधली रेषा आखली, ती अशी की जे आपल्या स्वयंपाकघरात बारा महिन्यांत कधीच येत नाही ते लावायचे नाही. केल तिने ठेवली. आजीनेही त्याला हरकत घेतली नाही.

आता हिशोब. नियम नसलेला खेळाडू ५०० नाण्यांच्या पार्सनिपच्या २५ बिया घेईल, भेटीच्या १५ मिळून ४० वाफे लावील आणि पाचव्या दिवशी १,४०० नाणी मोजील. नातीने ५०० मध्ये केलच्या सात बिया घेतल्या. सातव्या दिवशी तिच्या हाती आले ७७०. फरक लहान नाही, आणि मी तो तिच्यापासून लपविला नाही. नियमाची किंमत शून्य असते असे मुलांना सांगू नये. ती त्यांना दिसतच असते.

पण पाचव्या दिवशी त्या दुसऱ्या खेळाडूचे काय होते तेही पाहावे. १,४०० नाण्यांच्या ७० बिया येतात. प्रत्येक वाफ्याला झारीने पाणी घालण्यास दोन एकक शक्ती लागते, नवा वाफा कुदळीने खणण्यास आणखी दोन. दिवसाची एकूण शक्ती २७०. सत्तर वाफ्यांना पाणी घालण्यातच १४० जातात, झारी एका भरण्यात ४० वाफ्यांनाच पुरते, आणि नवे तीस वाफे खणण्याचे साठ वेगळे. दिवस तिथेच संपतो. पहिल्या दिवशी त्याला पैशाची टंचाई होती. पाचव्या दिवशी पैसा आहे, पण अंगात बळ नाही.

या एका गोष्टीवर मी नातीशी सर्वांत अधिक बोललो, कारण नवख्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात. पैसा थोडा असतो तेव्हा नाण्यामागे काय मिळते ते पाहायचे. त्या मापाने पार्सनिप उत्तम, कारण चार दिवसांत वीसचे पस्तीस. उलाढाल जलद, नफा थोडा. पैसा आला आणि हात अपुरे पडू लागले की वाफ्यामागे काय मिळते ते पाहायचे. एक वाफा संपूर्ण वसंतभर पार्सनिपला दिला तर सहा पिके निघून निव्वळ ९० मिळतात, आणि सहा वेळा बी लावण्याचा खटाटोप वेगळा. तोच वाफा पहिल्या तारखेपासून केलला दिला तर चार पिकांचे १६०. घेवड्याला दिला तर सहा तोडे, २४० ची विक्री, बी ६० चे, निव्वळ १८०, आणि पुन्हा पेरणी नाही. आपल्या पेठेत किराण्याच्या दुकानाची आणि सराफी पेढीची वही एकाच मापाने कोणी वाचीत नाही. मुले मात्र "सगळ्यात भारी पीक कोणते?" एवढेच विचारतात. त्याला एकच उत्तर नाही. आज तुमच्याकडे कमी काय आहे, यावर ते ठरते.

घेवड्याबाबत एक सूचना. तो मांडवावर चढतो आणि त्याच्या वाफ्यातून चालता येत नाही. नातीने आधी तीन ओळी दाटीने लावल्या, तेव्हा मधल्या ओळीपर्यंत हातच पोहोचेना. दोन ओळींनंतर वाट सोडावी.

पाणी एखादे दिवशी चुकले तर पीक मरत नाही, त्या दिवसापुरते वाढत नाही एवढेच. पावसाच्या दिवशी झारीला हात लावायचा नाही. शेतघरातील दूरचित्रवाणीवर उद्याचे हवामान कळते. लोहाराकडे झारी सुधारण्यास दिली की दोन दिवस ती मिळत नाही, तेव्हा उद्या पाऊस असेल असे पाहून ती द्यावी. रोपे पंधराच्या पुढे गेली की कावळ्यांची भीती सुरू होते. पहिल्या काढणीनंतर बुजगावणे करता येते, ते लगेच करावे.

नातीचे पुढचे दिवस सांगतो. पहिल्या आठवड्यात रानातून वेचलेली पाच डॅफोडिल आणि चार डँडेलियन विकून तिने ३१० नाणी मिळविली. झटपट पैशासाठी खेळाडू बहुधा मासेमारी करतात. तो रस्ता तिने आपणहून सोडला होता. सातव्या दिवशी दहा केल आणि सहा घेवडे लावले. तेराव्या तारखेला गावात वसंताची जत्रा भरते. (जत्रेचा मुख्य खेळ रंगीत अंडी शोधण्याचा आहे. नात तिथून नुसती चालत गेली.) स्ट्रॉबेरीचे बी वर्षातून याच एका दिवशी विकावयास येते, १०० नाण्यांना एक. पीक आठ दिवसांत, पुढे दर चार दिवसांनी, फळ १२० ला. त्याच दिवशी सकाळी तिची दहा केल तयार झाली, ११०० नाण्यांचा माल. तिने तो घराजवळच्या विक्रीपेटीत टाकला आणि ऐटीत जत्रेला गेली. पेटीतील मालाचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतात. पिएर रोख देतो, पण जत्रेमुळे त्याचे दुकान बंद. खिशात होते त्यात तीन बिया आल्या.

ती रडवेली झाली होती. मी तिला सांगितले की तुझा तोटा झालेला नाही, तुझी उधारी अडकली आहे. असा प्रसंग ज्यांच्या दुकानात आलेला नाही त्यांनी हात वर करावा! केल आदल्या आठवड्यात दोन दिवस आधी लावण्याची सोय असती किंवा निदान रानफुले राखून ठेवली असती तर आणखी बिया घेता आल्या असत्या. जाणकार खेळाडू ही बी पहिल्या वर्षी न लावता पुढच्या वसंतासाठी राखून ठेवतात. तेराव्या तारखेला लावले तर दोनच तोडे मिळून बीमागे १४० निव्वळ राहतात, आणि पुढच्या वर्षी पहिल्या तारखेला लावले तर पाच तोडे, ५०० निव्वळ. पण हा साठवणुकीचा व्यवहार ज्याचे भांडवल मोकळे आहे त्याने करावा. नातीने तिन्ही बिया त्याच रात्री लावल्या आणि माझ्या मते बरोबर केले.

वसंत संपला तेव्हा शिल्लक ४,१०० होती. सुरुवातीला मागे पडलेली मुलगी पुष्कळशी सावरली, कारण वर सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या खेळाडूची आघाडी त्याच्या शक्तीपाशीच अडते. ऋतूच्या शेवटच्या दिवशी हाती रोकड राखणे हे मात्र अत्यावश्यक. पुढच्या ऋतूच्या पहिल्या तारखेला सकाळी नऊला दुकान उघडते तेव्हा बी घेण्यास पैसे हवेत. तो एक दिवस चुकला तर तोडे कमी होतात.

उन्हाळ्यात तिने ब्लूबेरीचे तीस वाफे लावले. बी ८० ची, पहिला तोडा तेरा दिवसांनी, मग दर चार दिवसांनी, प्रत्येक तोड्याला तीन फळे, फळ ५० ला. पहिल्या तारखेला लावले तर चार तोडे, म्हणजे एका वाफ्यामागे ६०० ची विक्री. शरदात क्रॅनबेरी, बी २४० ला म्हणजे महाग, पण पाच तोडे आणि ७५० ची विक्री. पैसा कमी असणाऱ्याने शरदात वांगे पाहावे. वीस नाण्यांची बी पाच तोड्यांत ३०० देते. नाण्यामागचा असा परतावा मी कोठे पाहिला नाही. बहुबीज म्हणून वांगे न खाणाऱ्या घरांचा प्रश्न वेगळा. आमच्याकडे भरली वांगी होतात.

फळावर प्रक्रिया करून भाव वाढविण्याची सोय आहे. पिंपात घातले तर मद्य, बरणीत घातले तर मुरंबा किंवा लोणचे. खेळाडूंच्या सल्ल्यांत पिंपाचा फार बोलबाला आहे. आम्ही आकडे काढले. पिंप फळाची किंमत तिप्पट करते. बरणी दुप्पट करून वर ५० देते. ५० ची ब्लूबेरी दोन्हींकडे १५० होते! पिंपाला आठवडाभर लागतो, बरणी दोन-तीन दिवसांत मोकळी होते, आणि बरणी पिंपाच्या बरीच आधी बनविता येते. महाग फळांना पिंप पुढे जाते हे खरे, पण पहिल्या वर्षी महाग फळे असतात कोणाकडे? सौ.ना हा हिशोब सांगितला तेव्हा त्या प्रथमच त्या खेळाविषयी प्रसन्न झाल्या आणि बरणीत कैरी घालता येते का, असे विचारू लागल्या.

तुषारसिंचनासाठी तांबे-लोखंड लागते. ते खाणीत मिळते, पण खाणीत प्राणी मारावे लागतात. लोहाराकडे पहिल्या वर्षी तांब्याचे खनिज ७५ आणि लोखंडाचे १५० ला मिळते. नातीने विकत घेतले. तो खर्च तिच्या वहीत 'अहिंसा खाते' या नावाने आहे. मथळा तिचा, मी सुचविलेला नाही.

एका बाबतीत हा खेळ खोटा आहे, आणि व्यापारी घरातील मुलांना ते सांगितलेच पाहिजे. इथे तुम्ही दहा ब्लूबेरी विका की दहा हजार, भाव पडत नाही. आडत नाही, तोलाई नाही, आवक वाढली म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतण्याची वेळ नाही. ज्यांचे नातेवाईक सांगली-कोल्हापूरकडे शेती करतात त्यांना पीक आल्यावर शेतकऱ्याची झोप का उडते हे ठाऊक आहे. नातीने एकदा "मला आता शेती कळली" असे म्हटले, तेव्हा मी तिला बाजार समितीतील कांद्याची एक गोष्ट सांगितली. भगवान ऋषभदेवांनी शिकविलेल्या असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प या षट्कर्मांत कृषि आणि वाणिज्य दोन्ही आहेत. खेळात कृषि बरी आहे, वाणिज्य फारच सोपे करून टाकले आहे.

आता तिचा हिवाळा सुरू आहे. हिवाळ्यात उघड्या शेतात बाजारातील कोणतेच बी लागत नाही. काचघर असेल तर मात्र बारा महिने कोणतेही पीक घेता येते, आत एकशेवीस वाफे, ऋतूचे बंधन नाही. ते मिळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला गावच्या पडक्या सभागृहाचा. तेथे ठरावीक वस्तूंचे संच पूर्ण करून द्यायचे, म्हणजे सभागृह पुन्हा उभे राहते आणि काचघरही दुरुस्त होते. त्यासाठी लागणाऱ्या वसंताच्या संचात घेवडा आणि फ्लॉवर यांसोबत एक पार्सनिप आणि एक बटाटा आहे. दुसऱ्या एका संचात अंडी आल्यावाचून चालत नाही. दुसरा मार्ग जोजामार्टचा. ५,००० भरून सभासद व्हायचे, मग ३५,००० दिले की कंपनी काचघर बांधून देते. काही द्यावे लागत नाही, नुसते पैसे. पण सभासद झाल्यावर गावचे सभागृह जोजाचे गोदाम होते आणि ते पुन्हा गावाला मिळत नाही.

म्हणजे नियमाची खरी किंमत आता समोर आली. चाळीस हजार. वहीतील शिल्लक ३३,४०० आहे आणि हिवाळा संपेपर्यंत बरण्यांतील मुरंबा विकून बाकीचे जमतील. पैशाचा प्रश्न तिला वाटतच नाही. ती अडली आहे ती पिएरपाशी. तिच्या मामांचे किराणा दुकान आहे, आणि त्यांच्या समोरच्या चौकात दोन वर्षांपूर्वी काचेचे मोठे दुकान उघडले. सुट्टीत ती तिथे जाते तेव्हा मामा गल्ल्यावर बसून त्या दुकानाकडे कसे पाहतात ते तिने पाहिले आहे. "आजोबा, बटाटा द्यायचा नाही म्हणून जोजाला चाळीस हजार द्यायचे, हे बरोबर आहे का?"

सौ. म्हणाल्या, काचघरच नको. तेही उत्तर आहे. काचघरावाचून शेत चालते, हिवाळाभर हात बांधून बसावे लागते इतकेच. नातीने अजून काही ठरविलेले नाही. नव्या लाल वहीचे पहिले पान तिने त्यासाठी कोरे ठेवले आहे, आणि भेटीत मिळालेल्या पार्सनिपच्या पंधरा बिया त्या शेतघरातील लाकडी पेटीत जशाच्या तशा पडून आहेत.